ऑटिस्टिक क्लायंटसाठी थेरपी कशी बदलायची, हे शिकवणारं ट्रेनिंग: जळगावच्या बॅचचा अनुभव

ओळखीतले बरेच समुपदेशक आणि एक-दोन डॉक्टर विचारतायत की ते ट्रेनिंग कसं होतं, घ्यावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. सरळ सांगायचं तर घ्या. खानदेशात तुमच्याकडे शाळा-कॉलेजची मुलं, नोकरीला लागलेले तरुण, लग्न झालेल्या मुली क्लायंट म्हणून येत असतील तर नक्कीच घ्या. उणिवा आहेत, त्यातल्या काही मला चांगल्याच टोचल्या, त्याही लिहिणारे, पण शिकवलेला मजकूर खणखणीत आहे.

आधी एक गैरसमज काढते कारण फॉर्म भरताना माझ्याबरोबरच्या निम्म्या लोकांचा तोच होता. हे ऑटिझमवरचं ट्रेनिंग नाही, म्हणजे स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमवायला शिकवणारी), बसायला शिकवणं, नजर मिळवायला शिकवणं यातलं काहीही यात नाही. ऑटिस्टिक माणसाला डिप्रेशन आलं, अँक्झायटी आली, ओसीडी (नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) झाला, तर आपण नेहमी करतो ते उपचार त्याच्यासाठी कसे बदलायचे, एवढाच विषय. आणि तो एवढासा नाहीये. २०१९ साली लॅन्सेट सायकियाट्रीत एक मोठा एकत्रित अभ्यास आला होता, त्यात ऑटिस्टिक लोकांमध्ये अँक्झायटी डिसऑर्डर साधारण २० टक्के, डिप्रेशन ११ टक्के आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर बसणं अवघड जाणं) २८ टक्के निघालं. म्हणजे हे लोक आपल्या खुर्चीसमोर येणारच आहेत, खरं तर येऊन बसलेलेच आहेत, फक्त त्यांच्या फाईलवर ऑटिझम लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे ऑटिझम म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे चार वर्षांचं न बोलणारं मूल येतं. ते मूल वीस वर्षांचं झालं की त्याचं काय होतं यावर कुणी बोलत नाही. लहानपणी किमान एखाद्या सेंटरला तरी नेतात, सिव्हिलमधून सर्टिफिकेट निघतं, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र निघतं, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम वेगळा धरलाय त्यामुळे कागदावर सगळं नीट असतं. पण तोच मुलगा कॉलेजला जायचं बंद करून खोलीत बसला की घरचे फिरफिर फिरतात. समुपदेशक सांगतो, ऑटिझम आहे ना, मग पुण्या-मुंबईला दाखवा. ऑटिझमवाले सांगतात, हे तर डिप्रेशन आहे, आमच्याकडे मोठ्यांचं नसतं. धडगाव नाहीतर रावेरहून दर आठवड्याला पुण्याला कोण जाणार आहे? म्हणून हे शिक्षण इथल्याच लोकांनी घेणं गरजेचं आहे असं मला मनापासून वाटतं, आणि त्याच नजरेनं मी हे सगळं मोजलंय.

ट्रेनिंगची रचना अशी की आधी शनिवार-रविवारी ऑनलाइन वर्ग आणि मग जळगावला समोरासमोर सत्रं. शिकवायला एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडम, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि तिसरा एक तरुण, तो स्वतः ऑटिस्टिक, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, स्वतः डिप्रेशनमधून गेलेला आणि चारपाच थेरपिस्ट बघून आलेला. या तिसऱ्या माणसासाठी मी पूर्ण फी परत भरायला तयार आहे.

त्याच्याबरोबरचा रोल प्ले सांगते म्हणजे कळेल. तो क्लायंट होऊन बसला आणि भुसावळच्या एका ताईंना थेरपिस्ट व्हायला सांगितलं. ताई अनुभवी, आवाज गोड, त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "मग, कसा गेला आठवडा?" तो गप्प. ताईंनी तीन सेकंदांत दुसरा प्रश्न टाकला, "काही टेन्शन वगैरे?" तो अजून गप्प. मग "मनात जे येईल ते बोल, मोकळं बोल." त्यानं खाली बघत विचारलं, "सोमवारपासून सांगू का?" आणि खरंच सोमवारी सकाळी किती वाजता उठला तिथून सुरू केलं. पाच मिनिटं झाली तरी सोमवार दुपारच चाललेली. मॅडमनी थांबवलं आणि तेच पुन्हा वेगळ्या प्रश्नांनी करायला लावलं. या आठवड्यात झोप साधारण किती वाजता लागत होती? ऑफिस किती दिवस चुकलं? जेवण कुठलं चुकलं, दुपारचं की रात्रीचं? प्रत्येक प्रश्नानंतर थेरपिस्टनं मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं आणि मध्ये तोंड उघडायचं नाही. एवढ्यानं दोन मिनिटांत बाहेर आलं की तो तीन दिवस दुपारी जेवलाच नाहीये कारण कॅन्टीनमध्ये नवीन मिक्सर आलाय आणि तो आवाज त्याला सहन होत नाही, आणि उपाशीपोटी तो संध्याकाळी घरच्यांवर भडकतो, त्यावरून भांडणं, आणि भांडणावरून "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो" हा विचार. आपण कुणीही त्या विचाराला धरून बसलो असतो. मिक्सरपर्यंत पोचलोच नसतो.

नंतर त्यानं सांगितलं की त्याच्या जुन्या एका थेरपिस्टनं त्याच्या फाईलवर "सहकार्य करत नाही" असं लिहिलं होतं. तो उत्तर जुळवत होता आणि समोरचा पुढचा प्रश्न विचारून मोकळा होत होता. हे ऐकताना सगळा हॉल गप्प झालेला.

यामागचं शास्त्र पण नीट सांगितलं, उगाच भावनिक करून सोडलं नाही. अ‍ॅलेक्झिथायमिया म्हणजे स्वतःची भावना ओळखायला आणि सांगायला अडचण येणं, ती ऑटिस्टिक लोकांमध्ये जवळपास निम्म्या जणांत सापडते आणि इतरांत पाच टक्क्यांच्या आसपास, हेही २०१९ च्याच एका एकत्रित अभ्यासातलं. म्हणजे ज्या माणसाला पोटात गोळा आलाय, छाती धडधडतेय हेच वेळेवर कळत नाही त्याला आपण "कसं वाटतंय" विचारून अडवून धरतो. मग काय करायचं तर शरीरापासून सुरू करायचं, चित्रावर खुणा करायला द्यायच्या, आकडे, रंग, मोबाईलमधला फोटो, जे चालेल ते. आणि डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञानं २०१२ मध्ये मांडलेली डबल एम्पथीची गोष्ट, की न समजणं हे दोन्ही बाजूंनी असतं, ऑटिस्टिक माणसाला आपण कळत नाही तसा आपल्यालाही तो कळत नाही, पण दुरुस्त मात्र त्यालाच करायला निघतात सगळे. पूर्ण ट्रेनिंगचा पाया हाच आहे, माणूस आहे तसा राहू दे, उपचार हलवा.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी, कशी बदलायची हा भाग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कामाचा. आधार म्हणून ब्रिटनच्या नाईस संस्थेची मोठ्या ऑटिस्टिक व्यक्तींसाठीची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं घेतली होती. त्यात काय म्हटलंय तर सेशन जास्त ठोस आणि आखलेलं ठेवा, लिहून आणि चित्रानं दाखवा, विचार बदलण्यापेक्षा वागणं बदलण्यावर जास्त भर द्या, नियम गृहीत न धरता उघड सांगा, साधं बोला, अलंकारिक बोलू नका, मध्ये ब्रेक द्या, माणसाची परवानगी असेल तर घरच्या कुणाला सोबत घ्या आणि त्याच्या आवडीचा विषय उपचारात वापरा. वाचायला सोपं आहे, पण प्रत्येक मुद्दा करून घेतला तेव्हा घाम फुटला. माझ्या नेहमीच्या बोलण्यात "डोक्यावरचं ओझं", "मनाची दारं" असलं किती येतं ते त्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकून कळलं.

आणि हे नुसतं चांगुलपणाचं नाहीये, फरक पडतो. २०२० मध्ये जामा सायकियाट्रीत एक चाचणी आली होती, ७ ते १३ वयाची १६७ ऑटिस्टिक मुलं, सगळ्यांना अँक्झायटीचा त्रास. काहींना नेहमीची सीबीटी दिली, काहींना ऑटिझमसाठी बदललेली, काहींना जे काही आजूबाजूला मिळतं ते. दोन्ही सीबीटी तिसऱ्या गटापेक्षा बऱ्या ठरल्या, पण बदललेली सीबीटी नेहमीच्यापेक्षाही सरस ठरली. मला हा निकाल दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा वाटतो. ज्यांना वाटतं की ऑटिस्टिक मुलांवर बोलण्याचे उपचार चालतच नाहीत त्यांनाही हे उत्तर आहे, आणि ज्यांना वाटतं आहे तेच मॅन्युअल रेटलं की झालं त्यांनाही.

आवडीचा विषय वापरणं यावर मला शंका होती, वाटायचं की मुलाला खूश ठेवायची युक्ती आहे. परत आल्यावर माझ्याकडच्या एका मुलाबरोबर केलं ते सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. केळीच्या पट्ट्यातला, बारावी झालेला, घरी शेती. याला केळीचे भाव पाठ, बऱ्हाणपूरचा काल काय होता, रावेरचा काय, मागच्या वर्षी याच आठवड्यात काय, सगळं वहीत. घरच्यांना ती वही म्हणजे डोकेदुखी. आम्ही बरेच दिवस "चिंता शून्य ते दहा" करत होतो आणि तो दरवेळी पाच सांगायचा, कारण पाच मध्ये येतो. ट्रेनिंगनंतर मी वहीच पुढे ठेवायला सांगितली आणि म्हटलं तूच एक माप बनव. त्यानं भाव घेतला नाही, आवक घेतली. म्हणाला, भाव दुसऱ्याच्या हातात असतो, आवक मोजता येते. डोक्यात एकाच वेळी किती गाड्या आल्यात, तेवढी आवक. पाच गाड्यांपर्यंत वजनकाटा चालतो, पंधराला रांग लागते, पंचवीसला माल उन्हात सडतो. आता तो आल्या आल्या सांगतो, "आज अठरा." मग अठरामधल्या कुठल्या गाड्या आज खाली होऊ शकतात, कुठल्या उद्यावर, कुठल्या परत पाठवायच्या, असं वहीत लिहून काढतो, आणि ती सगळी समस्या सोडवण्याची पायऱ्यांची पद्धतच आहे हो, पुस्तकातली, फक्त त्याच्या वहीत. आता पंधराच्या वर गेला की तो स्वतःच उठून गच्चीवर जातो, आईला एक बोट दाखवून, बोलायची गरज नाही. हे मला कुठल्याही मॅन्युअलनं सुचवलं नसतं.

याच मुलाबद्दल आधी सगळे म्हणायचे की सोशल अँक्झायटी आहे, लग्नाला येत नाही, हळदीला येत नाही, पाहुणे आले की पळतो. ट्रेनिंगमध्ये एक पूर्ण सत्र यावर होतं, की टाळतोय ते भीतीनं की आवाज, उजेड, वास सहन होत नाही म्हणून. वरून दोन्ही सारखं दिसतं आणि उपचार उलटे. भीती असेल तर हळूहळू सामोरं जायला शिकवतो आपण, पण कान खरोखर दुखत असतील तर त्याला पुन्हा पुन्हा त्या आवाजात उभं करणं म्हणजे छळ. विचारायचा प्रश्न साधा आहे, ती एक गोष्ट काढून टाकली तर जाशील का? मी विचारलं, डीजे नसेल तर? तर म्हणे जातो की, साखरपुड्याला गेलो होतो, मामा लोकांबरोबर दोन तास बसलो, सगळ्यांना भाव सांगितले. आपल्याकडच्या वरातीत डीजेच्या भिंतीजवळ उभं राहिलं तर धडधाकट माणसाची छाती हलते, या पोराला तर ते अंगावर मारल्यासारखं होतं. आता तो हेडफोन लावून जेवणाच्या पंगतीला जातो आणि वरातीला घरी थांबतो, घरच्यांनाही ते पटलंय, निदान वडलांना. आजीला अजून वाटतं की लाड चाललेत.

ओसीडीचंही तसंच. रोज एकाच क्रमानं कपडे घालणं, वस्तू ओळीत लावणं, हात हलवणं यानं त्या माणसाला शांत वाटतं की ते न केल्यास काहीतरी वाईट होईल या धास्तीनं तो पिळवटून निघतो? पहिलं असेल तर हात लावू नका, दुसरं असेल तर ओसीडीचा उपचार करा, पण मध्ये आधार म्हणून असलेल्या सवयी काढून घेऊ नका. हे सत्र थोडं घाईत उरकलं, मला अजून एक तास हवा होता.

प्रश्नावल्यांवर छान काम घेतलं. डिप्रेशन मोजायची पीएचक्यू-९ आपण सगळेच वापरतो, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांतलं विचारतो. त्यात भूक कमी झाली का असं आहे, आता ज्याला मुळातच ठरावीक चार पदार्थ चालतात, भरीत जिभेला लागलं की उलटी येते, त्याच्या उत्तराचा अर्थ काय लावायचा? चुळबुळ वाढली का, तो तर जन्मापासून हलतो. म्हणून आधी त्याचं नेहमीचं काय आहे ते लिहून ठेवायचं आणि मग त्यात बदल झाला का ते बघायचं. बदल हाच शब्द मॅडम सारखा वापरत होत्या. एखादी मुलगी रोज तासभर बिबड्यांचे नाहीतर रांगोळीचे व्हिडिओ बघायची आणि आता तेही बंद केलंय तर सावध व्हा, उदास चेहऱ्याची वाट बघू नका, चेहऱ्यावर कदाचित काहीच दिसणार नाही.

मुलींचा आणि बायकांचा भाग मला सगळ्यात जास्त हलवून गेला. मास्किंग म्हणजे आपलं ऑटिस्टिक असणं झाकत जगणं, बघून बघून हसायला शिकणं, कुणाशी किती बोलायचं ते पाठ करणं. आपल्याकडच्या मोठ्या घरातली सून डोळ्यापुढे आणा, आखाजीच्या सणाला माणसं, कानबाईच्या उत्सवाला पूर्ण भाऊबंदकी, दिवसभर चूल, भांडी, लहान मुलं, सगळ्यांशी गोड बोलायचं. अशी बाई वर्षानुवर्षं निभावते आणि एक दिवस आंघोळीलाही उठू शकत नाही. आपण तिला डिप्रेशन म्हणतो आणि पुस्तकाप्रमाणे सांगतो की बाहेर पडा, माणसांत मिसळा, हालचाल वाढवा. ऑटिस्टिक बर्नआउट, म्हणजे असं झाकून निभावण्याच्या ताणानं पार गळून जाणं, असेल तर हाच सल्ला तिला अजून खाली ढकलतो. तिथं आधी भार कमी करायचा, अंधाऱ्या शांत खोलीत रोज ठरलेला एकटा वेळ, पाहुण्यांची संख्या कमी, आणि मग हळूहळू तिला आवडणाऱ्या एका कामापासून सुरुवात. घरात हे कसं पटवायचं हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ट्रेनिंगमध्ये मिळालं नाही. मॅडम म्हणाल्या, बाउंड्री ठेवायला शिकवा. सासूबाई, जेठाणी, चुलत सासरे एकाच ओट्यावर बसलेत तिथं ती बाउंड्री ती एकटी कशी ठेवणार? इथं मला वाटलं की शिकवणाऱ्यांनी एकदा आमच्याकडच्या एखाद्या वाड्यात आठवडाभर राहून बघावं.

घरच्यांना सेशनमध्ये किती घ्यायचं यावरही तीच गत. त्यांच्या उदाहरणांत क्लायंट एकटा येतो. माझ्याकडे आई, वडील, मोठे काका आणि कधी गावचे जिभाऊ पण येतात, आणि पंचवीस वर्षांच्या माणसाला प्रश्न विचारला की आई उत्तर देते. मी आता असं करते की सुरुवातीला थोडा वेळ सगळे, मग तो एकटा, आणि शेवटी घरी काय सांगायचं हे त्यानं स्वतः कागदावर लिहायचं नाहीतर माझ्याकडून लिहून घ्यायचं, तेवढंच बाहेर सांगितलं जातं. हे आमच्या बॅचमधल्याच एका शिरपूरच्या दादांकडून शिकले, चहाच्या सुट्टीत. त्या सुट्ट्यांत शिकायला मिळालं ते वेगळंच.

आत्महत्येच्या विचारांवरचं सत्र कठीण होतं पण टाळलं नाही यासाठी त्यांचं कौतुक. २०१४ साली इंग्लंडमध्ये ३७४ मोठ्या लोकांचा अभ्यास झाला, ज्यांना मोठेपणी अ‍ॅस्पर्जरचं, म्हणजे ऑटिझमच्याच एका प्रकाराचं, निदान झालं होतं, त्यातल्या ६६ टक्के लोकांनी असे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. विचारताना थेट आणि स्पष्ट विचारायचं, आडवळणानं विचारलं तर उत्तरही तेवढंच मिळतं. आणि सेफ्टी प्लॅन, म्हणजे असे विचार आले तर काय करायचं तो कागद, लिहिताना "वाईट वाटलं तर फोन करा" असं लिहून उपयोग नाही, कारण वाईट वाटतंय हे कळत नाही आणि फोनवर बोलणंच जमत नाही. त्याऐवजी, दोन रात्री झोप लागली नाही किंवा दिवसभर एकही शब्द बोललो नाही, तर या माणसाला हा आधीच लिहून ठेवलेला मेसेज पाठवायचा, असं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर प्लॅनमध्ये असावाच, पण तो फोन कोण लावणार, क्लायंट की बहीण, हे आधी ठरवून ठेवायचं. हे मी आता ऑटिझम नसलेल्या क्लायंटबरोबरही करते.

ओटी मॅडमचं सत्र छोटं पण फार उपयोगी. आमच्याकडून आमच्याच क्लिनिकचे फोटो मागवले होते आणि एकेक फोटो घेऊन दाखवलं, ही ट्यूबलाइट लुकलुकते, हा फॅन खटखट करतो, वेटिंगमध्ये टीव्ही मोठ्यानं चालू आहे, अगरबत्ती, फिनेल, खुर्ची दाराकडे पाठ करून. माझ्या खोलीतली उदबत्ती बंद, ट्यूब बदलली, आणि मे महिन्यात इथं ४४-४५ डिग्री असताना कूलरचा आवाज तर लागणारच, तर सेशनच्या आधी खोली गार करून घेते आणि बोलताना बंद करते. खर्च जवळपास काही नाही. सेशनच्या आदल्या दिवशी मेसेज जातो की उद्या कुठल्या खुर्चीवर बसायचं, काय तीन गोष्टी करायच्या आणि किती वाजता संपणार. लाईट गेली तर काय करायचं तेही लिहिते कारण लाईट जाते.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे ज्या हॉलमध्ये हे सगळं शिकवलं तो हॉल. कर्कश माईक, प्रतिध्वनी, शेजारच्या हॉलमध्ये कुठलातरी कार्यक्रम, आणि आमचा ऑटिस्टिक प्रशिक्षक दुपारनंतर कानावर हात ठेवून कोपऱ्यात बसलेला. आयोजकांना हे आधी बघता आलं असतं. सांगितल्यावर माईक बंद केला, पण जागा बदलली नाही. याबद्दल मी फीडबॅक फॉर्मवर पानभर लिहिलंय.

दुसरी, सगळ्या हँडआउट इंग्रजीत आणि व्हिडिओ परदेशी. वर्कशीट मराठीत नाहीत तर मी क्लायंटला काय देऊ? आणि आपल्याकडे बोलीही एक नाही, धुळे-अमळनेरकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, शहादा-धडगावकडे भिली आणि पावरी. "तुले कसं वाटस" विचारलं की जे पोरगं तोंड उघडतं ते प्रमाण मराठीत मान हलवून गप्प बसतं. बॅचमधल्या काही जणांनी मिळून भावनांची चित्रं आणि सेशनचा तक्ता अहिराणीत करायला घेतलाय, आयोजकांनी त्याला निदान छपाईचा खर्च द्यावा.

तिसरी, न बोलणाऱ्या आणि बौद्धिक अपंगत्वही असलेल्या मोठ्या माणसांबद्दल जवळजवळ काहीच नाही. सगळी उदाहरणं शिकलेल्या, बोलणाऱ्या, नोकरदार लोकांची. न बोलणाऱ्यांनाही मानसिक आजार होतात, चिडचिड आणि स्वतःला मारून घेणं एवढंच बाहेरून दिसतं आणि दात दुखतोय की डिप्रेशन आहे हे कुणी बघत नाही, सरळ झोपेचं औषध. हा भाग नसेल तर ट्रेनिंग अर्धं आहे असं मी म्हणेन.

चौथी, पुढचा आधार. संपल्यानंतर केस चर्चेच्या मोजक्याच ऑनलाइन बैठका होत्या, त्याही संध्याकाळी ओपीडीच्या वेळेला. हे कौशल्य ऐकून येत नाही, केस घेऊन परत परत विचारून येतं. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिकोमध्ये हेपटायटिस सीसाठी प्रोजेक्ट एको सुरू केला, लांबच्या गावातले डॉक्टर व्हिडिओवर नियमित जमतात, आपल्या केस मांडतात, तज्ज्ञ आणि बाकीचे मिळून मार्ग काढतात, पेशंटला शहरात यावं लागत नाही. मिसुरी विद्यापीठानं त्याच धर्तीवर ऑटिझमसाठी एको चालवलंय. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून असं काहीतरी सहज होऊ शकतं, इंटरनेट बहुतेक तालुक्यांत पोचलंय. आरसीआयचे (पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी करणारी परिषद) सीआरई पॉइंट, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण, मिळतील असं म्हणाले होते, ते अजून आलेले नाहीत, ज्यांना रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणासाठी लागतात त्यांनी आधी लेखी विचारून घ्या.

फी चार आकडी आहे, नवीन प्रॅक्टिस असणाऱ्याला जड जाते, हप्ते देतात. जेवण चांगलं होतं, दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी, आणि साधा वरण-भात मागणाऱ्याला वेगळा काढून दिला, न विचारता, हे मला आवडलं.

पाचपैकी चार देते. कुणी घ्यावं तर समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट, शाळेतले काउन्सेलर, तरुण मनोविकारतज्ज्ञ. आधी एखादी चालू केस मनात ठेवून जा आणि त्या क्लायंटची परवानगी घेऊन नाव-गाव बदलून चर्चेला मांडा, मोकळ्या हातानं गेलात तर निम्मं वाया जाईल. पुढची बॅच दिवाळीनंतर धुळ्याला करायचं चाललंय असं ऐकते. करणार असाल तर आयोजकांनो, शांत हॉल बघा, मुख्य रस्त्यापासून आत, आणि नंदुरबारकडच्या पावरी-भिली बोलणाऱ्या चार-दोन आशाताईंना फी न घेता बसवा, कारण धडगावच्या पाड्यावर खोलीत बसून राहिलेल्या पोराच्या दारापर्यंत आधी त्याच जाणार आहेत.